शटलला वाफ देण्याचे दिवस

या आठवड्यात वारा फिरला. मुलुंडमध्ये थंडी येते म्हणजे नेमकं काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. स्वेटर कपाटातून निघतात, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी डोंगरावरच्या धुक्याचा फोटो टाकतं आणि पुण्याहून आलेला पाहुणा ‘ही काय थंडी?’ म्हणून आपली थट्टा करून जातो. माझ्यापुरती खूण वेगळी आहे. टाचा खरखरीत होतात, ओठ ओढले जातात आणि आमच्या मंडळाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये शटलची पिसं मोडायला लागतात. परवा सकाळी पहिल्याच गेममध्ये एकामागून एक शटलं निकामी झाली. फटका बसला की बारीकसा ‘कट्’ असा आवाज येतो, एक पीस गिरक्या घेत जाळीपाशी पडतं आणि उरलेलं शटल दारू प्यायल्यासारखं पलीकडे जातं. कुणीतरी म्हणालंच, “माल खराब आलाय यंदा.” दर वर्षी म्हणतात. माल तोच असतो, हवा कोरडी झालेली असते.

संध्याकाळी ऑफिसातून आले आणि कुकर काढला. तळाला पाणी घातलं, झाकण लावलं, शिट्टी काढून बाजूला ठेवली आणि गॅस लावला. शटलचे लांबट पुठ्ठ्याचे डबे ओट्यावर मांडून वाफेची वाट बघत उभी राहिले. मुलगी पाणी प्यायला आत आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बाहेर गेली. आमच्या घरात या गोष्टीचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही.

वाफ यायला लागली की मला एक ठरावीक थंडी आठवते. खेळायला लागून वीसेक थंड्या झाल्या असतील, पण आठवते ती तेवढीच. त्या थंडीत माझी दुहेरीतली जोडीदार शालन हिच्या डाव्या डोळ्याची नजर कडेकडून जात होती आणि आम्ही दोघी मन लावून शटल दुरुस्त करत होतो. बिघाड शटलमध्ये नाही हे कळायला आम्हाला अख्खा डिसेंबर लागला. म्हणजे पणाला लागला होता तो शालनचा डोळा, आणि त्या डोळ्याच्या भरवशावर उभा असलेला तिचा मागच्या कोर्टातला खेळ. आम्हाला मात्र वाटत होतं की प्रश्न पिसांचा आहे.

शटल ही तशी साधी वस्तू. बुचाचा अर्धा गोळा, त्यात गोलाकार खोचलेली सोळा पिसं, त्यांना धरून ठेवणारे दोऱ्याचे दोन वेढे आणि त्यावर डिंक. पिसं सगळी पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची घेतात, म्हणजे त्यांचा बाक एकाच दिशेला राहतो आणि शटल हवेत एकाच बाजूने फिरतं. हे मला खूप उशिरा कळलं. कळल्यावर काही दिवस खेळताना उगाच त्या पक्ष्याच्या दुसऱ्या पंखाचा विचार मनात यायचा. मग तोही बंद झाला.

पावसाळ्यात शटलला काही करावं लागत नाही. मुंबईची हवाच ओली, पिसं आपोआप लवचिक राहतात. उलट जरा जास्तच फुगतात आणि शटल जड होतं. पण उत्तरेचा वारा सुरू झाला की त्याच पिसांची काडी होते. मग आदल्या संध्याकाळी वाफ द्यायची. डबा उघडून पिसांची बाजू वाफेवर धरायची, बुचाची नाही. बूच ओलं झालं की शटल संपलं. पिसं जराशी मऊ झाल्याचं बोटाला जाणवलं की डबा बंद करायचा आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. किती वेळ धरायचं हे सांगता येत नाही, भाकरी उलटायची वेळ जशी सांगता येत नाही. सुरुवातीला आम्ही एक अख्खा डबा इतका वाफवला होता की दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्मॅशला बुचातून पिसांचा पुंजका सुटून आला आणि नुसतं बूच समोरच्या बाईंच्या कपाळावर जाऊन आपटलं. त्या बाई नंतर योगासनांच्या वर्गाला जायला लागल्या.

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. कुडाळच्या, आणि मुंबईत चाळीस पावसाळे काढूनही बोली तिथलीच. पहिल्यांदा त्यांनी मला कुकरवर शटल धरलेलं बघितलं तेव्हा त्या बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.

“ह्या काय चल्लाहा गो?” त्यांनी विचारलं.

“पिसांना वाफ देतेय, आई. मोडतात ना.”

“मांस टाकून पिसां कसली शिजवतंस?” त्या म्हणाल्या. “आणि भात खंय लावू? तुज्या डोक्यार?”

त्यानंतर त्यांनी मला एक जुना, मुठीला तडा गेलेला कुकर काढून दिला. त्याला ‘पिसांचा कुकर’ म्हणायचं आणि त्यात घरातलं काहीही शिजवायचं नाही, असं त्यांनी फर्मान काढलं. ओल्या पिसांचा वास घरभर पसरला की माझा नवरा मंगेश खिडक्या उघडत फिरायचा आणि सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. वासाचा आणि आवाजाचा काय संबंध, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

शालन राहायची स्टेशनच्या पलीकडे, पूर्वेला. माहेर वाकोल्याचं, आईवडील मूळचे अकोल्याकडचे. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधायची आणि सुई घालायची. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, त्यामुळे बारीक कामाची सवय मलाही आहे, पण शालनच्या बोटांची गोष्ट निराळी होती. पिसाचे केस विस्कटले की ती चिमटीत धरून वरच्या वर एकदाच बोट फिरवायची आणि ते पुन्हा एकमेकांत बसायचे. दोऱ्याचा वेढा सैल झाला की काडीच्या टोकावर डिंकाचा थेंब घेऊन नेमक्या गाठीवर टेकवायची. जवळचं, बारीक तिला माझ्याहून चांगलं दिसायचं. म्हणूनच तिच्या डोळ्यावर संशय घ्यावा असं तिच्या किंवा माझ्या स्वप्नातही आलं नाही.

कोर्टावर आमची विभागणी ठरलेली होती. मी पुढे जाळीपाशी, शालन मागे. माझ्याकडे उंची नाही आणि ताकदही बेताची, पण जाळीवर आलेलं काही सहसा सुटायचं नाही. शालन मागून मारायची. डाव्या कोपऱ्यात खांद्यावरून मागे जाणारं उंच शटल इतर बायका कसंबसं परतवतात. शालन अंग वळवून त्याच्याखाली जायची आणि तिथूनच स्मॅश मारायची. मला ते दिसायचं नाही, कारण माझी पाठ तिच्याकडे असायची. फक्त आवाज यायचा आणि माझ्या कानाजवळून काहीतरी सूं करून जायचं. आमच्या जोडीला जे काही नाव होतं ते त्या आवाजामुळे. तिच्या घरी शोकेसमध्ये छोट्या बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना आमच्या ढाली उभ्या होत्या आणि त्यांच्यावरची धूळ ती स्वतः पुसायची.

त्या वर्षी थंडी लवकर आली. जानेवारीत बोरीवलीला एका मंडळाच्या स्पर्धा होत्या, महिला दुहेरीत आम्ही नाव दिलं होतं. डिसेंबर सुरू झाला आणि शालनची शटलं सुटायला लागली. सगळी नाही. मधूनच एखादं. रॅकेट उचललेली, पाय योग्य जागी, आणि शटल रॅकेटच्या बाजूने खाली. पहिल्यांदा झालं तेव्हा तिने रॅकेटच्या जाळीकडे बघितलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा शटलकडे.

“वाकडं उडतंय गं हे,” ती म्हणाली. “मध्येच झुकलं, बघितलंस?”

“मला नाही दिसलं. मी पुढे होते.”

“झुकलं. डावीकडून येताना मध्येच गायब झाल्यासारखं झालं आणि एकदम खाली दिसलं.”

आज हे वाक्य लिहिताना त्याचा अर्थ लख्ख दिसतो. तेव्हा मी शटल उचललं, उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाले, “एक पीस जरा बाहेर आलंय.” आलंही होतं. प्रत्येक शटलमध्ये शोधलं तर काहीतरी सापडतंच.

मग आमचा दुरुस्तीचा हंगाम सुरू झाला. हॉलवर खेळून झालं की आम्ही पायऱ्यांवर बसायचो, मध्ये डबे, डिंकाची बाटली आणि शालनच्या लॅबमधून आलेला एक चिमटा. वाफ कमी पडते असं वाटून वाफ वाढवली. मग जास्त झाली असं वाटून डब्याच्या झाकणात ओला स्पंज ठेवायला लागलो. वेग तपासला. त्यासाठी मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर जोरात मारायचं. शटल समोरच्या शेवटच्या रेषेच्या जरा अलीकडे पडलं तर वेग बरोबर. फार पुढे गेलं तर पिसांची टोकं किंचित बाहेर वळवायची, फारच अलीकडे पडलं तर आत. आम्ही वळवली. पुन्हा मारलं, पुन्हा वळवली. दुकानदार बदलला. मंडळाचे सेक्रेटरी आम्हाला म्हणाले, “तुम्ही दोघी खेळायला येता की कारखाना काढलाय?” शालन त्यांना म्हणाली, “तुम्ही खराब माल आणता, आम्ही निस्तरतो.”

त्या पायऱ्यांवरचं ऊन मला अजून आठवतं. सकाळचं, कोवळं, डोंगराच्या बाजूने तिरपं येणारं. समोर कुणीतरी दह्याची भांडी विसळायचं. पलीकडच्या इमारतीतल्या गॅलरीत एक गुजराती आजी लोकरीची टोपी घालून पेपर वाचायच्या. आम्ही पिसं विंचरत बसलेलो. बोलणं तेच, तिच्या लॅबमधल्या पेशंटचं, माझ्या ऑफिसातल्या बिल्डरचं, पोरांच्या परीक्षांचं. मला ते दिवस सुखाचे वाटत होते, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही तसेच आठवतात. खाली काय चाललंय ते माहीत नसलं की ऊन ऊनच असतं.

प्रत्येक उपायानंतर एखादा दिवस बरा जायचा. शटलं उजव्या बाजूला जास्त आली की शालन झकास खेळायची आणि आम्हाला वाटायचं, जमलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिची चिडचिड वाढली. एकदा एक सोपं शटल सुटलं तेव्हा तिने ते उचलून चुरगाळलं. शालन कधी शटल वाया घालवणाऱ्यातली नव्हती. फाटलेली शटलंसुद्धा ती नव्या मुलींच्या सरावासाठी वेगळ्या पिशवीत ठेवायची. मी दुसरं शटल काढून तिच्या हातात दिलं. जोडीतल्या माणसाशी कोर्टावर वाद घालायचा नाही, हा आमचा नियम होता.

डिसेंबर संपत आला तेव्हा आमच्याकडे एक असा डबा तयार झाला की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. वाफ बरोबर, वेग बरोबर, पिसं सरळ, दोरा घट्ट. मी प्रत्येक शटल टेबलावर गोल फिरवून बघितलं होतं. रविवारी दुपारी हॉल रिकामा असतो. शालन म्हणाली, “आज सोक्षमोक्ष लावू. तू पलीकडून नुसती उंच मार. मी खेळणार नाही, फक्त बघते. वाकडं कुठलं, सरळ कुठलं, सांगते.”

मी मारत गेले. ती “सरळ”, “सरळ”, “वाकडं” असं म्हणत गेली. तिने वाकडं म्हटलेल्या शटलच्या बुचावर मी पेनाने ठिपका केला.

“आता सगळी मिसळ,” शालन म्हणाली, “आणि ठिपका न बघता पुन्हा मार. मला नाही सांगायचं कुठलं काय.”

लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला हे सुचणं साहजिक होतं. मी मिसळली, मारली. यावेळी ठिपक्याची सरळ निघाली आणि बिनठिपक्याची वाकडी. तिसऱ्यांदा पुन्हा सगळं उलटसुलट. मी नकाशे काढणारी बाई, मला जागा लक्षात राहतात. उजवीकडे टाकलेलं एकही वाकडं निघालं नव्हतं. वाकडी होती ती सगळी तिच्या डाव्या खांद्यावरून गेलेली. मी तसं तिला सांगितलं.

शालन शटलं गोळा करायला वाकली, एक उचललं, बुचावरचा ठिपका बघितला.

“सॅम्पल तेच, रिपोर्ट वेगळा,” ती म्हणाली. “असं झालं की आम्ही सॅम्पलला नाही धरत. मशीन बघतो.”

“म्हणजे?”

“इकडे ये. माझ्या डाव्या बाजूला उभी राहा. रॅकेट वर धर.”

तिने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोर जाळीकडे बघत राहिली. मी रॅकेट वर धरली.

“धरलीस?”

“धरलीय.”

“जरा पुढे ये.”

मी एक पाऊल पुढे आले. “आता?”

“नाही. ये अजून.”

मी सरकत गेले. जवळजवळ तिच्या नाकासमोर आले तेव्हा ती म्हणाली, “हां. आता दिसतेय.” तिचा आवाज अगदी साधा होता. पेशंटला ‘मूठ आवळा’ म्हणते त्याच आवाजात. मला वाटलं तिला धरावं, पण ती तशीच समोर बघत उभी होती आणि तिचा एक हात अजून डोळ्यावर होता.

पुढचं तसं लवकर झालं. घाटकोपरला डोळ्यांचे डॉक्टर, मशीनमध्ये हनुवटी ठेवून ठिपके मोजणं, काचबिंदू. मी बरोबर गेले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडून नजर जात राहते आणि दुसरा डोळा ते भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून राखता येतं. शालनने सगळं ऐकून घेतलं.

“मी बॅडमिंटन खेळते,” ती म्हणाली.

“खेळा की. खेळाने काही बिघडणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण जे दिसत नाही ते दिसणार नाही. गाडी चालवता?”

“स्कूटी.”

“ती बंद करा.”

स्कूटी तिने त्याच आठवड्यात पुतण्याला देऊन टाकली. बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. मला राग आला होता. कुणाचा, ते ठरवता येत नव्हतं. शालनचा येणं शक्य नव्हतं, माझा स्वतःचा आणून उपयोग नव्हता. शेवटी मी त्या पिसांवर चिडले. इतके दिवस आम्ही त्यांना वाफ देत होतो, विंचरत होतो, आणि ती निमूटपणे सगळं करून घेत होती. शालन म्हणाली, “काय झालं? तोंड का असं केलंयस? डोळा माझा गेलाय.” मग आम्ही दोघीही हसलो, आणि रसवाल्याने आमच्याकडे बघितलं.

त्या महिन्याचा विचार मी नंतर पुष्कळदा केला. आम्ही मूर्ख होतो असं मला वाटत नाही. शटल हातात धरता येतं, फिरवून बघता येतं, त्याला चिमटा लावता येतो. जे हातात येतं तिथेच माणूस दुरुस्तीला बसतो. ऑफिसातसुद्धा भिंतीला तडा गेला की लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात. आणि खरं बोलायचं तर ती मेहनत फुकटही गेली नाही. शटलं जर तशीच वाकडीतिकडी राहिली असती, तर शालन अजून वर्षभर त्यांनाच नावं ठेवत बसली असती आणि तेवढ्यात उजवा डोळाही सरकला असता. त्या डब्यात दोष उरला नाही म्हणून दोष दुसरीकडे शोधावा लागला. एवढं मात्र खरं.

शालनचा उजवा डोळा अजून चांगला आहे. डावा होता तिथेच थांबलाय. ती अजून शिरा शोधते, अजून पहिल्या सुईत रक्त काढते. थेंबांची बाटली पर्समध्ये असते आणि वेळ झाली की ती कुठेही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, मान वर करून थेंब घालते. त्या थंडीनंतर आम्ही आणखी काही वर्षं खेळलो. मग तिने थांबवलं ते गुडघ्यांमुळे, जसं सगळ्यांना थांबावं लागतं. परवा वाफ देताना मी तिला फोन केला. म्हणाले, “यंदा लवकर मोडायला लागली गं.” ती म्हणाली, “मग आता काय, डोळे तपासून घे,” आणि स्वतःच खूप हसली. मला हसायला जरा वेळ लागला.

तिच्या घरचे त्या जानेवारीत बोरीवलीला जाऊ नको म्हणत होते. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, तोंडावर शटल बसलं तर? मलाही तेच वाटत होतं. पण शालनने ऐकलं नाही. “नाव दिलंय,” एवढंच म्हणाली. आम्ही ठरवलं होतं की जागा बदलायच्या नाहीत. म्हणजे तिने ठरवलं होतं. ती मागे, मी पुढे, नेहमीसारखं. डाव्या कोपऱ्यात आलं तर बघू.

पहिली मॅच आम्ही जिंकलो, कारण समोरच्या बायका आमच्याहून दमलेल्या होत्या. दुसरीत समोर दोन कॉलेजच्या मुली होत्या, तिथल्याच. एक उंच, वेणी घातलेली, दुसरी तिच्यामागे लपल्यासारखी. दोघी कोचिंगच्या, पाय हलके, आणि मॅचआधी आम्हाला वाकून नमस्कार करणाऱ्या. आम्ही टिकून राहिलो. पहिला गेम त्यांचा, दुसरा आमचा. मला आश्चर्य वाटायला लागलं होतं. शालनचं एकही शटल सुटत नव्हतं. मागून तो ओळखीचा आवाज येत होता, कानाजवळून सूं करून जात होतं आणि मी मनात म्हणत होते, बघ, डॉक्टरला काय कळतंय.

तिसऱ्या गेमच्या मध्यावर सर्व्हिस आमच्याकडे होती. शालनने शटल हातात घेतलं, पण सर्व्हिस केली नाही. ती जाळीपाशी आली.

“ए, वेणीवाली,” ती म्हणाली. “जरा इकडे ये गं.”

मुलगी आली. “काय मावशी?”

“तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“माझ्या डोळ्याचं.”

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग खाली. हॉलचं जग लहान आहे. मुलुंडची बातमी बोरीवलीला पोचायला किती वेळ लागतो? “तसं काही नाही मावशी,” ती म्हणाली.

“मगापासून एकही माझ्या डावीकडे मारलेलं नाहीयेस तू. मोकळा कोपरा दिसत असताना माझ्या उजव्या हातात आणून देतेयस.”

खुर्चीवरचे अंपायर म्हणाले, “मॅडम, खेळ चालू ठेवा.”

“ठेवते,” शालन म्हणाली. आणि मुलीला म्हणाली, “तुझ्या आईसारखी आहे म्हणून सांगते. मला असं जिंकवू नकोस. मार तिकडे.”

सर्व्हिस झाली. दोन-तीन फटके इकडून तिकडे गेले. मी जाळीवर होते, मला त्या मुलीचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तिने एकदा आपल्या जोडीदाराकडे बघितलं आणि मग ते शटल उचललं. उंच, लांब, आमच्या डाव्या कोपऱ्यात. मी मान वळवून ते वरून जाताना बघितलं. आम्हीच वाफ दिलेल्या डब्यातलं शटल असतं तर याहून सरळ उडालं नसतं. मग मी मागे बघितलं. शालन जागेवर उभी होती. रॅकेट वर उचललेली, गुडघे वाकवलेले, नजर समोर त्या मुलीवर. शटल तिच्या डाव्या खांद्यामागे पडलं, त्याचा आवाज झाला, आणि ती अजून ते येण्याची वाट बघत होती.

मुलीने तोंडावर हात ठेवला.

“शालन,” मी म्हणाले, “पडलं गं.”

“कुठे?”

“मागे. रेषेच्या आत.”

तिने वळून बघितलं. पूर्ण वळावं लागलं, अख्ख्या अंगाने. शटल रेषेपासून वीतभर आत पडलं होतं. ती गेली, ते उचललं, पिसांवरून एकदा बोट फिरवलं आणि जाळीवरून त्या मुलीकडे टाकलं.

“हां, असं खेळ,” ती तिला म्हणाली. “घाबरू नको.”

मग ती माझ्याकडे आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळे कोरडे होते. इतक्या वर्षांत मागची जागा तिने मला कधी दिली नव्हती, आणि मी कधी मागितलीही नव्हती.

“तू मागे जा,” ती म्हणाली. “मी पुढे खेळते.”

मी मागे गेले.